रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे!

मंडळी, या शनिवारी खरं तर राजगडाच्या ट्रेकबद्दल लिहायचं ठरवलं होतं. फोटोही निवडून ठेवले होते. पण गुरुवारी ऑफिसात एका पोराचा कोड तपासायला बसलो, त्यात एक ओळ दिसली, आणि तेव्हापासून डोक्यात जी भुणभुण सुरू झालीये ती थांबायचं नाव घेत नाहीये. तेव्हा राजगड पुढच्या आठवड्यात. आज कोबोल. ज्यांना कोबोलचं वावडं आहे त्यांनीही जरा थांबा. मामला पैशांचा आहे, आणि पैसे सगळ्यांनाच लागतात.

तर ती ओळ अशी (देवनागरीत लिहितोय, कंपायलरने माफ करावं):

इन्स्पेक्ट डब्ल्यूएस-अमाउंट-टेक्स्ट रिप्लेसिंग ऑल स्पेसेस बाय झीरोज.

म्हणजे रकमेच्या खणात जिथे जिथे रिकामी जागा दिसेल तिथे तिथे शून्य भरा. बास, एवढंच.

पोराला विचारलं, "हे कशाला रे?"

"सर, रात्रीचा जॉब सॉक-सेव्हनने पडत होता. ही ओळ टाकली, आता पडत नाही."

"आणि त्या रिकाम्या जागा आल्या कुठून?"

"ते नाही बघितलं सर. पण जॉब ग्रीन आहे." मग जरा थांबून म्हणाला, "एआयनेपण हेच सुचवलं होतं."

सुचवणारच! गेली पन्नास वर्षं आपण सगळ्यांनी हीच ओळ लिहून ठेवलीये. ते बिचारं आपल्याकडूनच शिकलं.

मी पोराला ओरडलो नाही. ओरडायचा मला अधिकारच नाही. का, ते पुढे येईलच. आधी ही ओळ एवढी वाईट का, ते समजायला थोडं आत शिरावं लागेल.

कोबोलमध्ये प्रत्येक खणाला 'पिक्चर' द्यावं लागतं. पिक एक्स(७) म्हणजे सात अक्षरं. त्यात नाव भरा, पत्ता भरा, शिव्या भरा. पिक ९(७) म्हणजे सात आकडे. पिक एस९(५)व्ही९९ म्हणजे चिन्हासकट पाच आकडे आणि दशांशानंतर दोन. त्यातलं दशांशाचं टिंब प्रत्यक्षात कुठेच साठवलेलं नसतं. ते 'इथे आहे असं समजा' असतं, लग्नातल्या मानपानासारखं.

आता गंमत बघा. आयबीएमच्या मेनफ्रेमवर साध्या 'डिस्प्ले' प्रकारात '१२५' हा मजकूर आणि १२५ ही संख्या बाइटच्या पातळीवर एकसारखेच दिसतात. एबसिडिक संकेतात ० ते ९ हे आकडे एफ० ते एफ९ असे साठवले जातात. बाइटचा डावा अर्धा म्हणजे 'झोन', उजवा अर्धा म्हणजे खरा आकडा. हिशेब करायची वेळ आली की मशीनची 'पॅक' नावाची सूचना कामाला लागते. ती डावे अर्धे फेकून देते, उजवे अर्धे एकमेकांना चिकटवते आणि फक्त शेवटच्या बाइटचा डावा अर्धा चिन्ह म्हणून ठेवते. तिथे सी किंवा एफ असेल तर अधिक, डी असेल तर उणे.

हे आलं पंच-कार्डांच्या जमान्यातून. कार्डावर ऐंशीच रकाने, वजाच्या चिन्हासाठी आख्खा रकाना कोण घालवणार? म्हणून शेवटच्या आकड्याच्याच डोक्यावर आणखी एक भोक पाडायचे. ती सवय १९६४ च्या सिस्टिम/३६० मध्ये आली आणि आजही तशीच नांदतेय. म्हणून चिन्हाच्या खणातले उणे १२३ छापले की पडद्यावर '१२एल' दिसतं. नवीन पोरं घाबरतात. घाबरू नका, एल म्हणजे उणे तीन.

आता खरी मेख. 'पॅक' काहीही तपासत नाही. ए, बी, सी ही अक्षरं एबसिडिकमध्ये सी१, सी२, सी३ आहेत. ती पॅक केली तर काय मिळेल? अधिक १२३! रिकामी जागा म्हणजे ४०. तिचा उजवा अर्धा शून्य. म्हणजे पॅकच्या लेखी रिकामी जागा आणि शून्य यांत काडीचा फरक नाही. वजाचं चिन्ह ६०. त्याचाही उजवा अर्धा शून्य. चार अक्षरांच्या खणातलं '-१२५' सरळ मूव्ह करून आकड्यांच्या खणात टाकलं, तर आमच्या त्या वेळच्या कंपायलरमध्ये निमूटपणे अधिक ०१२५ मिळायचे. कुठे धूर नाही, आवाज नाही. ज्याचे सव्वाशे कापायचे त्याला सव्वाशे दिले.

टिंब मात्र ४बी आणि स्वल्पविराम ६बी. तिथे उजव्या अर्ध्यात 'बी' येतो, बी हा काही दशमान आकडा नव्हे, आणि त्याच्यावर हिशेब करायला गेलं की मशीन ठणाणा करतं. तसंच शेवटच्या बाइटमध्ये चिन्हाच्या जागी भलतंच काही सापडलं तरी. हाच तो एस-झीरो-सी-सेव्हन, म्हणजे डेटा एक्सेप्शन, लाडाचं नाव सॉक-सेव्हन. मेनफ्रेमवाल्यांना झोपेतून उठवणारा, लग्नाच्या वाढदिवशी ऑफिसात बोलावणारा, सगळ्यांचा शत्रू.

तर मंडळी, माझं म्हणणं असं की सॉक-सेव्हन शत्रू नाहीच. तो आपल्या सोसायटीचा वॉचमन आहे. एवढंच की तो फार कमी वेळा जागा असतो. एबीसीला १२३ म्हणून आत सोडतो, वजाबाकीला अधिक म्हणून सोडतो, आणि दहात एकदा कधीतरी कोणालातरी गेटवर अडवतो. आणि आपण काय करतो? त्यालाच कामावरून काढतो.

आता माझा अधिकार का नाही ते सांगतो.

२००५ सालची गोष्ट. पुण्यातच होतो, कोबोलवर तीन वर्षं झाली होती, म्हणजे स्वतःला सगळं येतं असं वाटायचं वय. परदेशातल्या एका विमा कंपनीचं काम होतं (नाव विचारू नये). निवृत्त लोकांना दर महिन्याला पेन्शन पाठवणारी सिस्टिम. त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे त्यांचा रात्रीचा जॉब पडायचा तो बरोब्बर आमच्या पहिल्या चहाला. त्या दिवशीही पडला. सॉक-सेव्हन.

डम्प काढला. 'वसुली' नावाचा खण होता: आधी चुकून जास्त गेलेले पैसे पुढच्या पेन्शनीतून कापायची रक्कम. पिक एस९(५)व्ही९९, म्हणजे सात बाइट. वर्षानुवर्षं त्यात '००१२५५०' असं यायचं, म्हणजे १२५ डॉलर ५० सेंट. त्या महिन्यापासून काही नोंदी दुसऱ्या एका सिस्टिमकडून यायला लागल्या होत्या आणि तिने तीच रक्कम मजकूर समजून डावीकडे सरकवून पाठवली होती: '१२५५०' आणि पुढे दोन रिकाम्या जागा. शेवटचा बाइट ४०. चिन्हाच्या जागी ४. चार हे काही चिन्ह नाही. वॉचमनने अडवलं.

मी काय केलं? तो खण रीडिफाइन्स करून पिक एक्स(७) म्हणून बघितला आणि ती ओळ टाकली. ऑल स्पेसेस बाय झीरोज.

आता तुम्हीच करा हिशेब. '१२५५०' आणि दोन रिकाम्या जागा, त्यांच्या जागी दोन शून्यं: '१२५५०००'. पिक एस९(५)व्ही९९ प्रमाणे वाचा. बारा हजार पाचशे पन्नास डॉलर! सव्वाशेच्या वसुलीची साडेबारा हजारांची वसुली झाली. शंभरपट.

जॉब पास झाला. वसुली पेन्शनीपेक्षा जास्त असेल तर त्या महिन्याची पेन्शन शून्य करायची आणि उरलेली वसुली पुढच्या महिन्यावर ढकलायची, असा नियम प्रोग्रॅममध्ये होताच. नियम बरोबर चालला. सगळं हिरवंगार. चाळीस मिनिटांत फिक्स दिला म्हणून मला स्पॉट अवॉर्ड मिळालं, सोबत गिफ्ट व्हाउचर. त्याचा प्रेशर कुकर घेतला. अजून आहे घरी. आईला तो फार आवडतो, मला त्याची शिट्टी ऐकवत नाही.

तिसऱ्या महिन्यात तिकीट आलं. ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंनी कॉल सेंटरला फोन केला होता. तीन महिने एक पैसा आला नव्हता. कॉल सेंटरच्या मुलीने त्यांचा प्रश्न जसाच्या तसा तिकिटात टाकला होता. त्याचा अर्थ साधारण असा: तुमच्या नोंदीत मी मेले आहे का?

शोधलं तर असे चौदा जण निघाले. पैसे परत गेले, दिलगिरीची पत्रं गेली. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. आणि जो अहवाल लिहिला गेला, त्यात मूळ कारणाच्या रकान्यात काय होतं माहितीये? 'लेगसी सिस्टिमच्या मर्यादा.'

इथे माझं डोकं फिरतं. अहो, त्या लेगसी सिस्टिमने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की या खणात काहीतरी गडबड आहे! काम थांबवून, डम्प छापून, नेमका पत्ता देऊन सांगितलं होतं. तिचं तोंड दाबलं ते मी. आणि बदनाम कोण झालं? कोबोल.

ही बदनामीची फॅशन जुनीच आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या लाटेत बेकार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्यांनी पुढे या असं आवाहन केलं. लगेच सगळीकडे 'साठ वर्षांची भाषा' म्हणून खिदळणं सुरू. २०२५ च्या फेब्रुवारीत तर कहर झाला. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीच्या नोंदींत दीडशे वर्षांची माणसं आहेत असं इलॉन मस्क म्हणाले, आणि त्यावर 'कोबोल रिकामी तारीख १८७५ समजतं, म्हणून असं होतं' हे स्पष्टीकरण वाऱ्यासारखं पसरलं. शिकलेसवरलेले लोक ते फॉरवर्ड करत होते. अरे बाबांनो, त्या काळच्या कोबोलमध्ये तारीख नावाचा प्रकारच नाही! तारीख म्हणजे पिक ९(६) किंवा पिक एक्स(८), जे काय तुम्ही ठरवाल ते. १८७५ चा २० मे हा दिवस आयएसओ ८६०१ च्या २००४ च्या आवृत्तीत मीटरच्या कराराचा दिवस म्हणून एका कोपऱ्यात येतो, त्याचा कोबोलशी काय संबंध? कोबोलचं तारखेचं फंक्शन दिवस मोजतं तेही १ जानेवारी १६०१ पासून.

खरं कारण फार साधं होतं, आणि ते त्यांच्याच महानिरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात लिहून ठेवलेलं होतं. १९२० किंवा त्याआधी जन्मलेल्या सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांच्या नोंदींत मृत्यूची माहितीच भरलेली नव्हती. त्यांतल्या बहुतेकांना पैसे वगैरे काही जात नव्हते. खण नुसता रिकामा होता. बघणाऱ्याने रिकाम्या खणाचा अर्थ लावला 'जिवंत आहे'. माझ्या बाईंच्या बाबतीत उलटं झालं, पण आजार तोच. 'माहीत नाही' याचं आपल्याला सोयीचं असं काहीतरी करून टाकायचं.

बरं, नव्या भाषांनी काय दिवे लावलेत? जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराची संख्या करायला सांगा. शून्य मिळतं. नुसत्या स्पेस असतील तरी शून्यच. '५' या मजकुरात १ मिळवा, '५१' येतं. त्यातूनच १ वजा करा, ४ येतात. कोबोलला हसणाऱ्यांनी आधी हे घरच्यांना समजावून सांगावं :-) आणि एक्सेल? त्याने तर शास्त्रज्ञांना गुडघे टेकायला लावले. मार्च-वन, सेप्ट-टू अशा नावांची जनुकं असतात. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. माणसाच्या पेशीतल्या जनुकांची नावं, एका स्प्रेडशीटपायी! मायक्रोसॉफ्टने हे आपोआप बदलणं बंद करायची सोय दिली ती २०२३ मध्ये.

म्हणजे कोबोल निर्दोष का? मुळीच नाही. वकिली करतोय म्हणून अशील साधू आहे असं नाही. कोबोलचं सगळ्यात मोठं पाप म्हणजे 'मूव्ह' हा शब्द. नक्कल करायची? मूव्ह. मजकुराची संख्या करायची? मूव्ह. संख्येला स्वल्पविराम लावून छापायचं? मूव्ह. जागा अपुरी आहे म्हणून डावीकडचे आकडे कापायचे? तेही मूव्ह! १२३४५ ला पिक ९(४) मध्ये मूव्ह करा, गुपचूप २३४५ होतात. दहा हजार गायब. अॅड, कम्प्यूट यांना 'ऑन साइझ एरर' लावता येतं, मूव्हला ती सोयच नाही.

संख्येचा मजकूर करतानाही तेच. उणे १२५ असलेला पिक एस९(५) चा खण पिक एक्स(५) मध्ये मूव्ह करा, '००१२५' येतं. चिन्ह गळलं. तोच खण एखाद्या गटात ठेवून आख्खा गट मूव्ह करा, आता '००१२एन' येतं, कारण गट म्हटला की कोबोल रूपांतर करतच नाही, बाइट उचलून जसेच्या तसे ठेवतं. एकच शब्द, एकच रक्कम, दोन उत्तरं, आणि माणसाला वाचता येईल असं त्यात एकही बरोबर नाही. आणि रीडिफाइन्स म्हणजे तर रूपांतर नव्हेच, ते फक्त डब्यावरचं लेबल बदलणं. आत मीठच आहे.

ज्याला संख्या नीट मजकुरात हवीये त्याने सजवलेलं पिक्चर वापरावं. आणि इथे एक कौतुकाची गोष्ट सांगायलाच हवी. कोबोलमध्ये स्वल्पविराम हवा तिथे लावता येतो. झेड,झेडझेड,झेडझेड,झेडझेड९.९९ असं पिक्चर लिहिलं की १,२३,४५,६७८.५० असं आपल्या लाख-कोटीत सुरेख छापून येतं. आजकालच्या कित्येक लायब्रऱ्या काहीही न सांगता वापरल्या तर एक कोटीचे तीन-तीनचे तुकडे पाडतात, आणि आपली मुलं 'टेन मिलियन' वाचत बसतात. असो.

दुसरं भांडण आपल्याच लोकांशी आहे. जिथे आकडे दिसतात तिथे पिक ९ लिहायची आपली खोड. खाते क्रमांक, पॉलिसी क्रमांक, टपालाचा कोड... यांना 'नंबर' म्हणतात म्हणून त्या संख्या होत नाहीत हो! माझी चाचणी सोपी आहे. दोन खाते क्रमांकांची बेरीज करून तुम्हाला काही कळणार आहे का? नाही ना? मग तो मजकूर आहे. पिक एक्स.

आपल्याकडे ही खोड जास्त का, याबद्दल माझा एक लाडका सिद्धांत आहे. आपला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्याचा पहिला आकडा कधीच शून्य नसतो. महाराष्ट्राचे कोड चारने सुरू होतात. मोबाइल नंबरही शून्याने सुरू होत नाही, आधारही नाही. त्यामुळे सुरुवातीचं शून्य मरतं हे आपल्याला लहानपणापासून कधी दिसलेलंच नसतं. मग आपण अमेरिकेचं काम घेतो, तिथल्या झिप कोडला बिनधास्त संख्येच्या खणात टाकतो, आणि बॉस्टन परिसराच्या ०२ ने सुरू होणाऱ्या कोडांची पुढची शून्यं छाटून पाच आकड्यांचे चार करून ठेवतो. तिकडच्या पोस्टमनने काय घोडं मारलं होतं?

आता सगळ्यात करुण विनोद. आयबीएमच्या कोबोल कंपायलरची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. आतलं सगळं इंजिन नवं, मशीनच्या वेगळ्या सूचना वापरणारं. जिथे खणांत खरोखरच आकडे होते तिथे काही फरक पडला नाही. पण जिथे वर्षानुवर्षं रिकाम्या जागा आणि कचरा शून्य म्हणून खपत होता, तिथे उत्तरं बदलू शकायची. यावर जगभरच्या लोकांनी डेटा साफ केला? छे! कंपायलरमध्ये 'झोनडेटा' नावाचा पर्याय आला आणि त्यात 'मिग' असा एक उपपर्याय. मिग म्हणजे मायग्रेशन. आधीचा कंपायलर जसा चुकीच्या झोनकडे काणाडोळा करायचा तसाच तूही कर, अशी विनंती. पुढे 'न्यूमचेक' हाही पर्याय आला, जो प्रत्येक आकड्याचा खण वापरण्याआधी तपासतो आणि खोट असेल तर बोंब मारतो. यातला कुठला पर्याय प्रॉडक्शनमध्ये आवडीने लावला जातो, हे मी सांगायला नको. न्यूमचेकने वेग कमी होतो म्हणे. होतो, मान्य. बाईंचे तीन महिने गेले त्यापेक्षा कमीच होत असेल.

हे सगळं बोललो की मीटिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "मग काय आख्खं प्रॉडक्शन थांबवायचं? एका नोंदीपायी लाखो लोकांचे पैसे अडकवायचे?" प्रश्न चुकीचा नाही. पण थांबा आणि शून्य भरा हे दोनच मार्ग आहेत असं कोणी सांगितलं? बाहेरून आलेला प्रत्येक खण आधी पिक एक्स म्हणून वाचा. तो पूर्ण रिकामा आहे का, ते सगळ्यात आधी बघा, आणि रिकामा असेल तर 'रिकामा' असंच नोंदवा. त्यासाठी एक अक्षराचा वेगळा खण ठेवा, जागा आता फुकट मिळते. रिकामा नसेल तर 'इफ न्यूमेरिक'ने तपासा. चिन्ह, टिंब, आजूबाजूला स्पेस असं सगळं येणार असेल तर 'नमव्हॅल' फंक्शन आहे. १९८५ च्या मानकाला १९८९ मध्ये जी पुरवणी जोडली गेली त्यातून ते आलं, म्हणजे तेही आता पस्तिशी ओलांडलेलं आहे. पण त्यालाही कचरा देऊ नका. कचऱ्यातून ते काय काढेल याची हमी नाही. यात न बसणारी नोंद बाजूच्या फाइलमध्ये टाका आणि बाकीच्यांचे पैसे जाऊ द्या.

आणि ट्रेलर! फाइलच्या शेवटच्या नोंदीत सगळ्या रकमांची बेरीज पाठवायची जुनी पद्धत आहे, ती सोडू नका. माझ्या २००५ च्या फाइलमध्ये ट्रेलर होता, पण त्यात नुसती नोंदींची संख्या होती. ती जुळली. चौदा नोंदी शंभरपट झाल्या तरी नोंदी चौदाच राहतात. रकमेची बेरीज असती तर पहिल्याच सकाळी पकडलो गेलो असतो, आणि घरात तो कुकर नसता.

कोणी हुशार म्हणेल, मग '१२५५०' आणि दोन स्पेस आल्या तर स्पेस छाटा, उजवीकडे सरकवा, झालं! नाही झालं. ते १२५ डॉलर ५० सेंट आहेत हे मला आज माहीत आहे, कारण नंतर विचारलं. त्या दिवशी माझ्यासमोर नुसती पाच अक्षरं होती. त्या सिस्टिमने सेंटच पाठवले नसतील तर? शेवटची दोन अक्षरं वाटेत गळली असतील तर? प्रत्येक शक्यतेची रक्कम वेगळी येते, आणि ती कुणाच्या तरी घरखर्चाची असते. कोडमधून हे कळत नाही. फोन उचलून विचारावं लागतं.

तर परत आमच्या पोराकडे. गुरुवारी संध्याकाळी त्याला एवढंच म्हटलं, "ती ओळ काढ, आणि रिकाम्या जागा कुठून येतात ते शोध." तोंड वाकडं केलंन, पण शुक्रवारी दुपारपर्यंत शोधून काढलं त्याने. वरच्या सिस्टिमच्या नव्या फॉर्ममध्ये तो रकाना ऐच्छिक केलाय. रिकामा म्हणजे ग्राहकाने अजून उत्तर दिलेलं नाही. दोनशेच्या वर नोंदी आहेत अशा, आणि त्या ओळीने त्या सगळ्यांना 'येणे रक्कम शून्य' असं पत्र गेलं असतं. पोरगं स्वतःच म्हणालं, "सर, यांना तर वाटलं असतं की विषय संपला."

आता त्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि जॉब रिटर्न कोड ४ ने संपतो. डॅशबोर्डवर हिरव्याऐवजी पिवळा दिसतो. रात्रीच मॅनेजरसाहेबांची मेल आलीये, विषय: 'पिवळं का?' सोबत तीन प्रश्नचिन्हं. सोमवारी पोराला घेऊनच जाणार आहे त्यांच्याकडे. बोलणार तोच, मी नुसता बसणार.

राजगडाचे फोटो पुढच्या शनिवारी, नक्की.